आक्कांच्या सत्काराआधीची थकबाकी

वाचकाचे पत्र (संक्षिप्त): आमच्या गल्लीतल्या आक्कांची आठ वर्षांची मुलगी अकरा वर्षांपूर्वी संध्याकाळी दुकानातून साखर आणायला गेली ती परत आली नाही. चौथ्या दिवशी तिचा मृतदेह सापडला. गुन्हा बालकांवरील लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या पॉक्सो कायद्याखाली नोंदला गेला आणि आरोपीला शिक्षाही झाली. तेव्हापासून जिल्ह्यात कुणाचेही मूल हरवले की आक्का त्या आईवडिलांबरोबर पोलीस ठाण्यात जाऊन बसतात. तीन वर्षांपूर्वी जोतिबाच्या यात्रेत माझा पुतण्या हरवला, तेव्हाही पहिल्यांदा त्याच धावल्या. यंदा गणेशोत्सवात त्यांच्या कार्यावर सजीव देखावा करायचा, जाहीर सत्कार करायचा आणि मुलीच्या फोटोसह फ्लेक्स लावायचा, असे आमच्या तालीम मंडळाने ठरवले आहे. आक्कांना विचारले तर त्या 'बघा बाबा, तुम्ही ठरवाल तसं' एवढेच म्हणाल्या. मी मंडळाचा सचिव आहे. सगळे उत्साहात आहेत, मला मात्र झोप लागत नाही. खरे सांगायचे तर त्या वेळी आम्हीच म्हणत होतो की एवढ्या लहान पोरीला एकटीला पाठवलेच कसे. सत्कार करावा की नको, आणि करावा तर कसा?
— एक वाचक, कोल्हापूर

सप्रेम नमस्कार.

आपल्या मूळ पत्रात आक्कांच्या मुलीचे नाव, तिची शाळा आणि गल्लीचे नाव होते. ते मी येथे छापलेले नाही आणि का छापलेले नाही हे पुढे येईलच. पत्र चार पानांचे आहे. त्यातली साडेतीन पाने देखावा आणि आक्कांचे काम यांविषयी आहेत, आणि झोप का लागत नाही हे मात्र शेवटच्या चार ओळींत, तेही एकदा खोडून पुन्हा लिहिलेले आहे. मी उत्तराची सुरुवात त्या चार ओळींपासून करते, कारण माझ्या मते आपला खरा प्रश्न तोच आहे.

मूल हरवले की गल्ली शोधायला धावते, आणि त्याच रात्री कट्ट्यावर बसून आईच्या चुकाही मोजू लागते. यात दुष्टावा असतोच असे नाही. आईने हलगर्जीपणा केला असे एकदा ठरले की आपण तसे वागत नाही, म्हणून आपली मुले सुरक्षित आहेत, असा दिलासा प्रत्येक घराला मिळतो; त्या दिलाशाची किंमत मात्र एकटी ती आई भरत राहते. आठ वर्षांच्या मुलीने शंभर पावलांवरच्या दुकानातून साखर आणणे ही चूक नव्हती. त्या वयात आपणही पेठेतल्या दुकानांतून काडेपेटी, साखर, चहापूड आणतच होतो. चूक नव्हे, गुन्हा ज्याने केला त्याला न्यायालयाने शिक्षा दिली आहे. पण 'आक्का, तुमची काही चूक नव्हती' हे वाक्य गेल्या अकरा वर्षांत गल्लीतल्या कुणी त्यांच्यासमोर उच्चारले आहे का? पत्रावरून तरी तसे दिसत नाही. आपल्या पत्रातल्या 'आम्हीच' या शब्दातला 'च' वाचून मला वाटले की हे आपल्यालाही ठाऊक आहे.

फेटा बांधल्याने आणि शाल पांघरल्याने ते वाक्य म्हटल्यासारखे होत नाही. सत्कारात देणारा व्यासपीठावर उभा असतो आणि घेणारी व्यक्ती त्याच्यापुढे वाकते. माफी मागताना या जागा उलट होतात, म्हणूनच आपल्याला सत्कार सोपा वाटतो. तेव्हा आधी ही थकबाकी भरा. मंडळाच्या वतीने नव्हे, स्वतःच्या वतीने जा. आपल्या आईला किंवा काकूंना बरोबर न्या, म्हणजे आक्कांना एकटे पडल्यासारखे वाटणार नाही. मोबाईल खिशात राहू द्या. 'त्या वेळी आम्ही तुमच्याविषयी वाईट बोललो, ते चुकलं' एवढे सरळ सांगा आणि त्यावर त्या काय म्हणतील याची अपेक्षा ठेवू नका. कदाचित त्या विषय बदलतील, कदाचित चिडतील, कदाचित 'झालं ते झालं' म्हणून उठून आत जातील. त्या दिवशी क्षमा मिळालीच पाहिजे असा आग्रह धरला तर तीही एक वसुलीच होईल.

आता त्यांच्या 'बघा बाबा' विषयी. कोल्हापुरात मनापासून होकार असेल तर माणूस 'चालतंय की' म्हणतो. 'तुम्ही ठरवाल तसं' हे वाक्य ज्याला नाही म्हणणे परवडत नाही त्याचे असते. आक्कांना नाही म्हणणे का परवडत नाही, तेही आपण नकळत लिहून गेला आहात: रात्री अकरा वाजता एखाद्या घरून फोन आला की मोटारसायकल घेऊन एस. टी. स्टँड आणि रेल्वे स्टेशन पालथे घालणारी पोरे आपल्याच तालमीची असतात. या पोरांना नाराज केले तर पुढच्या मुलासाठी कोण धावणार, ही काळजी त्यांना असणारच. म्हणून पुन्हा विचारायचे असेल तर आपण नव्हे, मंडळाशी संबंध नसलेल्या आणि आक्कांच्या विश्वासातल्या एखाद्या बाईने विचारावे, आणि 'नको म्हणालात तरी पोरं नेहमीसारखीच येतील' हे आधी सांगून मगच विचारावे.

देखाव्याबद्दल मात्र विचारण्याचीही गरज नाही. तो करू नका.

पहिले कारण कायद्याचे आहे. पॉक्सो कायद्याचे कलम २३ आणि बाल न्याय कायदा, २०१५ चे कलम ७४ यांनुसार अशा गुन्ह्यातील बालकाचे नाव, छायाचित्र, पत्ता, शाळा, कुटुंबाचा तपशील, किंबहुना ज्यावरून ओळख पटेल अशी कोणतीही गोष्ट प्रसिद्ध करण्यास मनाई आहे. भारतीय न्याय संहितेचे कलम ७२ बलात्काराच्या गुन्ह्यांबाबत असेच सांगते. आपले कार्यकर्ते म्हणतील की मुलगी आता हयात नाही आणि आईची संमती घेऊ. सर्वोच्च न्यायालयाने ११ डिसेंबर २०१८ रोजी निपुण सक्सेना खटल्याच्या निकालात नेमका हाच मुद्दा घेतला आहे. पीडित व्यक्ती मृत असली तरी तिचे नाव नातेवाइकांच्या संमतीनेही उघड करता येत नाही, आणि तसे करण्याजोगी परिस्थिती आहे की नाही हे सत्र न्यायाधीशांनी ठरवायचे असते. फोटोचा फ्लेक्स चौकात लावणे म्हणजे तो प्रसिद्ध करणेच आहे. मंडळाच्या ओळखीच्या वकिलांकडून खात्री करून घ्या, पण फ्लेक्सची ऑर्डर आजच थांबवा.

दुसरे कारण घरातले आहे. आक्कांना एक मुलगा आहे, तो आता बारावीत आहे, असे आपण ओघात लिहिले आहे. दहा दिवस, रात्री दर वीस मिनिटांनी, शेजारची एखादी मुलगी त्याच्या बहिणीचा फ्रॉक घालून दुकानाकडे निघणार, पार्श्वभूमीला ध्वनिमुद्रित किंकाळी वाजणार आणि गर्दी टाळ्या वाजवणार. त्याने त्या दहा दिवसांत कुठे जायचे?

तिसरे कारण आपल्या शहराच्या आठवणीशी निगडित आहे. १९९६ साली उघडकीस आलेले अंजनाबाई गावित आणि तिच्या मुलींचे प्रकरण कोल्हापूरकरांना सांगावे लागत नाही. लहान मुले पळवायची, चोऱ्या करताना त्यांचा ढालीसारखा उपयोग करायचा आणि नकोशी झाली की मारून टाकायचे, असा तो प्रकार होता. येथील सत्र न्यायालयाने २००१ साली दोघी बहिणींना फाशीची शिक्षा सुनावली, सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली ती कायम केली आणि दयेच्या अर्जांवरील दीर्घ विलंबामुळे मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये तिचे रूपांतर जन्मठेपेत केले. त्या बहिणींची नावे आजही शहराला पाठ आहेत. त्या मुलांपैकी एकाचे तरी नाव आपल्याला आठवते का? देखाव्यात असेच होते. लोकांच्या लक्षात पोत्यातून मूल नेणारा माणूस राहतो. शिवाय अशा चित्राने भीती पेरली जाते, आणि त्या भीतीतून काय होते ते आपल्या राज्याने १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात पाहिले आहे. मुले पळवणारी टोळी आली आहे या अफवेवर जमावाने तेथे पाच निरपराध भिक्षेकऱ्यांना ठेचून मारले. त्यांचाही कुठेतरी वाट पाहणारा संसार होता. हरवलेल्या मुलांची नोंद आक्का ज्या वहीत ठेवतात तिच्यातली बहुतेक नावे चौदा ते सतरा वर्षांच्या मुलींची आहेत, ज्या कुणाच्या तरी भूलथापांना बळी पडून किंवा घरच्या जाचाला कंटाळून स्वतःच्या पायांनी बाहेर पडल्या, असे आपणच लिहिता. पोत्यातल्या चोराच्या देखाव्यात या मुली कुठेच बसत नाहीत.

येथे मला एका परदेशी आईची आठवण होते. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातील सेंट जोसेफ या छोट्या गावात २२ ऑक्टोबर १९८९ रोजी अकरा वर्षांचा जेकब वेटरलिंग, भाऊ आणि मित्राबरोबर दुकानातून सायकलवरून घरी येत असताना, मुखवटा घातलेल्या बंदूकधाऱ्याने पळवून नेला. त्याचे अवशेष सापडायला सप्टेंबर २०१६ उजाडला. मधल्या जवळजवळ सत्तावीस वर्षांत त्याची आई पॅटी वेटरलिंग हरवलेल्या आणि शोषित मुलांसाठी काम करत राहिली. मुलांवर अत्याचार करणाऱ्या गुन्हेगारांची नोंद ठेवणे राज्यांना बंधनकारक करणारा १९९४ चा केंद्रीय कायदा तिच्या मुलाच्या नावाने झाला, आणि पुढे त्या नोंदींचा अतिरेक होतो आहे, विशेषतः अल्पवयीन मुलांनाही त्यात ओढले जाते आहे, असे दिसल्यावर तसे जाहीरपणे म्हणणाऱ्यांतही तीच होती. (स्वतःच्या मुलाच्या नावाच्या कायद्याबद्दल असे बोलायला किती बळ लागत असेल!) गावकऱ्यांनी त्या काळात केलेली गोष्ट अगदी साधी होती. ते रात्री ओसरीवरचा दिवा चालू ठेवत. आणि अवशेष सापडल्यानंतर, लोक 'आम्ही काय करू' असे विचारू लागले तेव्हा, कुटुंबाने मागितले ते एवढेच: प्रार्थना करा, मुलांशी खेळा, हसा, आइस्क्रीम खा, शेजाऱ्याला मदत करा.

आक्का काय मागतील ते मला सांगता येणार नाही. पण त्यांचे काम काय आहे ते आपण इतके बारकाईने लिहिले आहे की त्यातला वाटा कसा उचलावा हे सांगता येईल. पुतण्या हरवला त्या दिवशी आपण सगळे गुलालाने माखलेले, ध्वनिक्षेपकावरून कुणाचेच ऐकू येत नव्हते, आणि आक्का डोंगरावर पोहोचताच वही उघडून पहिला प्रश्न काय विचारत्या झाल्या, तर 'फोटो कधीचा?' आपण दाखवलेला फोटो दोन वर्षांपूर्वीच्या जावळाचा होता. मग त्यांनी उंची आपल्याच कमरेला हात लावून मोजली, चपला होत्या की बूट, कोपरावरचा डाग, शेवटचा कुणी पाहिला, किती वाजता, हे सगळे लिहून घेतले. ही शंभर पानी वही म्हणजे एक विद्या आहे आणि ती आज जिल्ह्यात एकाच बाईकडे आहे. ती शिकणे हा माझ्या मते त्यांचा खरा मान आहे.

कुणाचे अठरा वर्षांखालील मूल हरवले तर चोवीस तास थांबा असे सांगण्याचा अधिकार कुणालाही नाही. सर्वोच्च न्यायालयाने १० मे २०१३ रोजी बचपन बचाओ आंदोलन या संस्थेच्या याचिकेवर आदेश दिला की हरवलेल्या मुलाची तक्रार लगेच गुन्हा म्हणून नोंदवायची आणि ते अपहरण किंवा मानवी वाहतूक आहे असे गृहीत धरूनच तपास सुरू करायचा. आज ही नोंद भारतीय न्याय संहितेच्या कलम १३७ खाली होते, कोणत्याही पोलीस ठाण्यात होऊ शकते, आणि प्रथम खबरी अहवालाची प्रत तक्रारदाराला मोफत मिळते. १०९८ (मुलांसाठीची हेल्पलाइन) आणि ११२ (आपत्कालीन मदत) हे दोन्ही क्रमांक रात्रंदिवस चालतात. चार महिन्यांत मूल सापडले नाही तर तपास मानवी वाहतूक प्रतिबंधक कक्षाकडे द्यावा लागतो. ही चार महिन्यांची तारीख वहीत लिहून ठेवणारे आणि त्या दिवशी आईवडिलांना घेऊन अर्ज देणारे कुणीतरी हवे असते, आणि आज तेही आक्काच करतात. दहावी झालेला कोणताही कार्यकर्ता हे दोन रविवारांत शिकू शकतो.

मूल सापडल्यानंतरचे काम तर अधिकच नाजूक असते आणि तेथे उत्साही पोरांची फार गरज नसते, हेही सांगितले पाहिजे. सापडलेले मूल बाल कल्याण समितीपुढे न्यावे लागते. त्याच्याशी काय बोलायचे ते तेथले जाणकार ठरवतात. गल्लीने त्याला 'कुठे होतीस, कुणाबरोबर होतीस' असे विचारू नये. सतरा वर्षांची मुलगी परत आली की चार दिवस तिच्या दारात बायाबापड्या जमतात, पाचव्या दिवशी तिचे लग्न ठरवायची घाई सुरू होते आणि कॉलेज सुटते ते सुटतेच. त्या घरी आक्का वकिलाचा पत्ता घेऊन जातात. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मुलांना मोफत वकील मिळतो आणि अत्याचारग्रस्तांना अर्थसाहाय्य देणाऱ्या मनोधैर्य योजनेचा अर्जही तेथेच होतो, हे त्या घरांना बहुधा माहीत नसते. मंडळाने एवढेच पाहावे की त्या मुलीविषयी कट्ट्यावर कुणी बोलणार नाही. आपल्या गल्लीने आक्कांचे जे केले ते दुसऱ्या कुणाचे होऊ नये. पुतण्याच्या फोटोचा संदेश तीन वर्षांनंतरही व्हॉट्सॲपवर फिरतो आहे, त्याने शाळेत त्याला चिडवतात, असे आपण लिहिले आहे. शोध संपला की फोटो मागे घ्यायचा असतो, ज्या ज्या ग्रुपवर टाकला तेथे 'सापडला, कृपया पुढे पाठवू नका' असे लिहायचे असते. हेही एक काम आहे आणि ते घरबसल्या होते.

देखाव्यासाठी जमणाऱ्या वर्गणीचे काय, हा प्रश्न बैठकीत येईलच. मुलगा पुण्यात किंवा गोव्यात सापडला की त्याला आणायला बापाला जावे लागते, त्याचा दोन-तीन दिवसांचा रोजगार बुडतो, तिकिटाचे पैसे शेजाऱ्यांकडून उसने घ्यावे लागतात, आणि हे उसने अनेकदा आक्काच देतात, असे आपल्या पत्रात आहे. झेरॉक्स, फोटोच्या प्रती आणि रिक्षाभाडे यांवर त्यांचे किती गेले ते त्यांनी कधी सांगितले नसेल. मंडळाने या प्रवासासाठी काही रक्कम बाजूला ठेवावी, हिशेब मंडळानेच ठेवावा, आक्कांच्या हाती पैसे देऊन त्यांना आणखी एका जबाबदारीत अडकवू नये. चैत्र यात्रेला आणि नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनाला जाणाऱ्या गल्लीतल्या लहान मुलांच्या खिशात पालकांचा फोन क्रमांक लिहिलेली चिठ्ठी घालणे याला तर वर्गणीही लागत नाही. चिठ्ठीवर मुलाचे नाव नको. अनोळखी माणसाने नावाने हाक मारली की मूल विश्वास ठेवते. आणि त्या वहीचा मोबाईलवर फोटो काढून ठेवण्याचा मोह टाळा. तिच्यातले प्रत्येक पान कुठल्या तरी मुलीचे आहे.

एक गोष्ट मात्र मी ठामपणे सांगते. मूल हरवले की आक्कांना येणारा फोन वर्षातून काही दिवस मंडळाने आपल्याकडे घ्यावा. मुलीच्या मृत्यूच्या दिवशी तरी. शोकात बुडालेल्या आईने काम उभे केले की आपण तिला 'रणरागिणी' म्हणतो, आणि मग तिला दमायची परवानगी राहत नाही.

एवढे सगळे झाल्यावर आक्का स्वतःहून म्हणाल्या की सत्कार करा, तर अवश्य करा. असे म्हणणारे पालक असतात, आणि त्यात गैर काही नाही. आपल्या मुलीमागे आपण काही उभे केले हे चार माणसांनी पाहावे असे कुणाला वाटणार नाही? फक्त मुलीवर काय झाले ते कुणी सांगू नये, निमंत्रणपत्रिकेत आणि बातमीत तिचा उल्लेख नसावा, बोलायचे की नाही हे आक्कांनी ऐनवेळी ठरवावे. मी एका अशा समारंभाला हजर होते. निवेदकाने एका आईच्या हाती माईक दिला आणि 'तो दिवस आठवतो का?' असे विचारले. तिने तो दिवस सकाळपासून रात्रीपर्यंत सांगितला, कारण हातातला माईक परत कसा द्यायचा हे तिला कळले नाही. नंतर जेवणाच्या पंगतीत ती दिसली नाही. त्या दिवशी निवेदकाला थांबवायला मी उठले नाही, हे मला अजून आठवते.

आपण शेवटी विचारले आहे की मग मुलीचे नाव कुठेच घ्यायचे नाही का. फ्लेक्सवर नाही, मांडवात नाही, बातमीत नाही. पण आपण असेही लिहिले आहे की ती वारल्यापासून गल्लीत कुणीच आक्कांसमोर तिचे नाव घेत नाही, आणि आपल्या बहिणीची ती वर्गमैत्रीण होती, दोघी मिळून आपल्या गच्चीवर चिंचा वाळत घालायच्या. आक्कांच्या स्वयंपाकघरात बसून ही चिंचांची गोष्ट सांगायला कोणत्याही कायद्याची आडकाठी नाही. बहिणीला येत्या रविवारी माहेरी बोलावून घ्या. मंडळाची बैठक गुरुवारी आहे. माफीचे आणि चिंचांचे दोन्ही त्याआधी होऊ द्या, आणि बैठकीत देखाव्याचा विषय सचिव म्हणून आपणच मागे घ्या.